एक्केचाळीस घरं मोजणारा

छापखान्यात त्यांना सगळे लालपेन म्हणत. पस्तीस वर्षं बाईंनी मुद्रितं तपासली, डोळ्यांत तेल घालून लोकांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्या तरी खोड जाते कुठली! औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा त्या पेन हातात घेऊनच वाचायच्या. पण कॉम्प्युटरवरचे गेम? छे! त्यांच्या लेखी तो सगळा रिकामटेकड्यांचा धुडगूस. तरीही त्या मंगळवारी दुपारी, जेवणाची भांडी तशीच टाकून, बाई नवऱ्याच्या टॅबलेटवर गेमची परीक्षणं शोधत बसल्या होत्या.

कारण लेक. ती एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आवाजांचं काम करायची, आणि चार वर्षं एकाच गेमला चिकटून होती. धरणाचं पाणी ओसरतं, बुडालेलं गाव वर येतं आणि खेळणाऱ्याने चिखल तुडवत आपलं घर शोधायचं, असा तो गेम. त्यातलं पाऊल न् पाऊल, कुरकुरणारं दार न् दार लेकीच्या हातचं. तीन आठवड्यांपूर्वी गेम बाजारात आला, आणि रविवारी लेकीचा फोन आला तो रडवेलाच.

"आई, सगळे नुसते चित्रांबद्दल बोलतात. मी चार वर्षं काय केलं ते एकालाही ऐकू आलं नाही गं. एका जाहिरात कंपनीतून बोलावणं आलंय. शुक्रवारी हो कळवून टाकते."

"एकालाही? तू सगळ्यांना तपासलंस?"

"आई, प्लीज! हे काय तुझं मुद्रित आहे?"

फोन ठेवला तरी 'एकालाही' हा शब्द बाईंना कुसळासारखा टोचत राहिला. न तपासलेलं विधान त्यांनी जन्मात पुढे जाऊ दिलं नव्हतं. शिवाय पोरीच्या आवाजातला तो थकवा! त्याने तर त्यांचं काळीज पार हललं होतं.

पहिल्या चॅनेलवर एक तरुण आ वासून किंचाळत होता. बाईंनी वहीत लिहिलं : विशेषणं एकोणीस, निरीक्षणं शून्य. दुसरा गोड गळ्याचा, छान छान बोलणारा. पण याची वाक्यं आपण कुठेतरी वाचलीत, असं बाईंना राहून राहून वाटायला लागलं, आणि एकदम ट्यूब पेटली. अरे लबाडा! हे तर कंपनीचं माहितीपत्रक! लेकीने ते त्यांच्याकडेच तपासायला पाठवलं होतं. 'बेचाळीस बुडालेली घरं' असं त्यात छापलं होतं. पुढे ऐनवेळी एक घर गेममधून काढून टाकलं, पण पत्रक तसंच राहिलं. लेक तेव्हा केवढी करवादली होती.

बाई ताठ बसल्या. म्हणजे जो बेचाळीस म्हणेल त्याने गेम खेळलाच नाही! आता कसे सापडतात बघू.

बुधवारभर त्यांनी एकेकाला चाळणीतून काढलं. लाखांनी प्रेक्षक असलेला बेचाळीस म्हणाला. चष्मेवाली विदुषी बेचाळीस म्हणाली. एकाने तर पन्नासेक म्हणून हात झटकले. "अहो, हे सगळे बघा पाट्या टाकतायत!" बाई स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या. नवरा ओट्यापाशी भांडी घासत होता, तो म्हणाला, "तुझ्या हाताखाली असते तर एकेकाचा घाम काढला असतास." पण बाईंना मजा यायला लागली होती हे खरं. खेळाचं परीक्षण कसं असावं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पडला नव्हता. आता तो डोक्यातून जाईना.

गुरुवारी सकाळी एक चॅनेल सापडलं. तीनशे प्रेक्षक, चेहरा नाही, नुसता एका माणसाचा सपाट आवाज. "पत्रकात बेचाळीस घरं आहेत. मी दोनदा मोजली. एक्केचाळीसच आहेत."

"अहो, इकडे या!" बाई किंचाळल्याच.

तो माणूस पन्नास मिनिटं बोलला, आणि त्यातली वीस फक्त आवाजांवर. शाळेच्या व्हरांड्यात पावलं आधी चिकट वाजतात, मग कोरडी, म्हणून ऊन कुठवर पोचलंय ते कान सांगतात, असं म्हणाला. दोन दारांची कुरकुर शेजारी शेजारी लावून दाखवली. बाईंनी पहिल्यांदाच लेकीचं काम नीट ऐकलं आणि त्यांना भरून आलं. चार वर्षं आपण पोरीला 'जेवलीस का' एवढंच विचारत आलो, याची लाज वाटली.

आणि मग शेवटी तो म्हणाला, "एक घर मात्र साफ फसलंय. अखेरचं. खोलीत गुडघाभर गाळ, आणि पाऊल घुमतंय रिकाम्या हॉलसारखं. इथे कुणाचं तरी लक्ष नव्हतं."

नवऱ्याने बाईंकडे बघितलं. "तेवढं सोडून पाठव. शेवटची पाच मिनिटं कापता येतात म्हणे."

"दुसऱ्याच्या मजकुराला मी कात्री लावू?"

म्हणाल्या खऱ्या, पण व्हिडिओ पाठवायचं बटण काही दाबवेना. आधीच खचलेली पोर; त्या एका वाक्याने पुरतीच कोसळली तर? सोबत एक अक्षर न लिहिता त्यांनी अख्खा व्हिडिओ पाठवून दिला. दिवसभर उत्तर नाही. बाईंना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. लेक नुसती हुंदके देत होती.

"चुकलं माझं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "ते शेवटचं ऐकायला नको होतंस तू."

"आई, ते घर मी केलंच नाहीये." लेकीने नाक ओढलं. "तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं ना, मी दहा दिवस तुझ्याकडे होते. तेवढं एकच घर दुसऱ्याने उरकलं. कंपनीत आजवर कुणाच्या लक्षात नाही आलं. आणि या माणसाला, आई, मी कुठे नव्हते ते ऐकू आलं!"

त्या दहा दिवसांत लेकीने चमच्याने भरवलेला भात बाईंना आठवला.

"मग... त्या जाहिरातवाल्यांना काय कळवलंस?"

"नाही म्हणून कळवलं. ते घर पुन्हा करू द्या म्हणून साहेबांच्या मागे लागलेय," लेक म्हणाली. "पावलांचा आवाज टिपायला गाळ हवाय मला, खराखुरा, बादलीभर. आई, तू येतेस का? मी चालेन, तू फक्त ऐक."