परातीत बांधलेलं वादळ

सास्तूरजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाण्यानं भरलेली परात आणि तिच्यापुढं सागरनाथ बाबा. चिमट्यात धरलेला तांबूस खडा त्यानं पाण्यात सोडला. पाणी फसफसलं, खदखदलं, वाफा उठल्या. खाली ना चूल, ना जाळ!

"दर्याचा कोप हाय ह्यो! समुद्रातलं वादळ म्या या परातीत बांधलंय. उद्या त्याला उत्तरंला हाकलतो. त्र्याण्णवला मी इथं असतो, तर भूकंपालाबी माघारी धाडलं असतं!"

समोर त्या भूकंपात लेकरं गमावलेली माणसं बसली होती. त्यांच्या तोंडावर असं बोलायला याची जीभ कशी रेटली? मला शिसारी आली. लोक मात्र हात जोडून होते.

सारजाबाई सगळ्यांत पुढं. तिचा थोरला भूकंपात गेला. धाकटा मल्लेश गुजरातच्या एका बंदरात, मोठी जहाजं धक्क्याला ओढून आणणाऱ्या बोटीवर कामाला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता.

"बाबा, माझं लेकरू?"

"बोट सोडू नगं म्हणावं. बोट सोडली की बंध तुटला!" बाबानं चिमट्यानंच एक खडा तिच्या मुठीत दिला.

तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडं मल्लेश वाऱ्यात ओरडत होता, "आई, मोठी जहाजं खोल समुद्रात धाडली. आमाला बोटी बांधून निवाऱ्यात जा म्हणतेत."

"माझी शपथ हाय, बोट सोडू नगंस!"

फोन ठेवला आणि ती कळवळली. घामेजलेली मूठ उघडली, तर तळहात भाजून लाल झालेला.

"पोरावरचा कोप आईनं झेलला," बाबा म्हणाला. आणि हसला. खरंच हसला तो!

तिची सून, मल्लेशची बायको मंजुषा गर्दी सारत पुढं आली. कळंबच्या शाळेत ती विज्ञान शिकवते. तिनं सासूच्या हातातला खडा खाली पाडला, तळहातावरची पूड झटकली, घागरभर पाण्यानं हात धुतला आणि खडा दगडावर आपटून फोडला. आतून पांढराफेक!

"घर रंगवताना पिंपात काय टाकता? पाणी कशानं उकळतं?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "कळीचा चुना..."

"त्योच ह्यो, वरनं गेरू फासलेला. म्हणून बाबा चिमटा सोडत न्हाय. आन् वादळ उत्तरंला, ह्यांच्या बंदराकडंच वळणार, हे हवामान खात्यानं सकाळीच सांगितलंय." तिनं मोबाइलवरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवली.

बाबा "पाखंडी, पाखंडी" म्हणत झोळी आवरू लागला.

मंजुषानं फोन लावून सासूच्या कानाला धरला. "आत्याबाई, तुमची शपथ हाय. तुमीच सोडवा."

म्हातारी हुंदक्यातून बोलली, "उतर रं राजा. शपथ सुटली."

पहाटे वादळानं दोर तोडले. मल्लेशची बोट धक्क्यावर आपटून बुडाली. तो निवाऱ्यात होता.

सकाळी बाबाचे भक्त निर्लज्जपणे दारात आले. "बाबाच्या किरपेनं वाचला बघा!"

"त्यानं माझ्या लेकराला बुडत्या बोटीवर बसवलं व्हतं," सारजाबाई म्हणाली. "उतरवलं माझ्या सुनंनं. चला, ठाण्यात. म्या तक्रार देती."

भक्तांपैकी एकही हलला नाही. ती आणि मंजुषा मोटारसायकलवरून गेल्या.

वादळ कुणाच्या मंत्रानं वळत नाही. ते कुठं चाललंय, हे मोजता येतं आणि वेळेवर बाजूला होता येतं. धोक्याच्या जागी थांब म्हणणारा कुणीही असो, त्याला आधी विचारा, "कशावरून?"