मितवल्लीचा नंबर

“आईचं नाव विचारतायत,” मितवल्ली म्हणाला. “सांगू का?”

खारं चीज काढायला मी कोपरापर्यंत डब्यात हात घालून उभी होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघंही पुरुष. ऐकल्याबरोबर एकाने भिंतीकडे नजर वळवली, दुसऱ्याने स्वतःच्या चपलांकडे. चांगल्या घरची माणसं, परक्याच्या आईचं नाव कानावर घेत नाहीत. इजिप्तच्या या टोकाला, आमच्या दुमियातमध्ये अजून चांगली घरं आहेत.

“आत ये आधी,” मी म्हणाले. “चारचौघांत आईचं नाव काढायचं वय झालं का तुझं?”

“नाव कुठे काढलं? विचारतायत एवढंच म्हटलं.”

मितवल्ली माझा धाकटा भाऊ. खुर्च्यांच्या पाठींवर गुलाब कोरण्यात त्याचा जन्म गेला. आता गुलाब यंत्रं कोरतात, आणि यंत्राच्या गुलाबाची पाकळी मोडली की ती जोडायला मितवल्लीकडे येतात. त्यालाही तो ‘असू दे’ म्हणतो. बायको गेली तेव्हा ‘असू दे’ म्हणाला. सगळं जग त्याच्या अंगावरून चालून गेलं तरी तो बाजूला सरकून वाट देईल. आमच्या आईने सगळा ताठा मला दिला आणि त्याच्या वाटेचाही मलाच दिला, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. मला त्याची लाज नाही.

गिऱ्हाइकांना वाटेला लावून मी हात पुसले आणि आतल्या खोलीत त्याच्यासमोर बसले.

“कोण विचारतंय?”

“शलबी.”

“लाकडाचा व्यापारी शलबी? त्याला आपल्या आईचं काय करायचंय? त्याला स्वतःची सांभाळता आली नाही.”

“तो नाही गं. त्याने कंपनी सांगितलीय. परदेशी कंपनी आहे, मोबाइलमधली नाणी वाटतेय. ते क्रिप्टो म्हणतात ना, ते. फुकट. नाव नोंदवायचं, की नाणी आपल्या खात्यात. शलबीला मिळालीत.” त्याने फोन पुढे केला. “बघ, स्वतः लिहिलंय त्याने.”

मला वाचायला वेळ लागतो. मशिदीतल्या शेखकडे चार अक्षरं शिकले तेवढीच. पण एकदा वाचलं की मी विसरत नाही. लिहिलं होतं, ‘माझ्या प्रिय बंधू, तुझ्या सुखाची मला काळजी आहे, म्हणून ही संधी आधी तुला देतोय.’

“मितवल्ली,” मी म्हणाले, “हा शलबी आपल्या बाजारातल्या कॅफेत चहा पितो, तो कुणाच्या पैशाने?”

“दुसऱ्याच्या.”

“चहात साखर किती घालतो?”

“फुकटची असली तर चार चमचे.”

“मुलीच्या लग्नात याने पाहुण्यांना मशब्बक मिठाईचा एकेक तुकडा वाटला आणि उरलेली परात घरी नेली. तो तुला संपत्ती वाटतोय? आणि प्रिय बंधू? जन्मात त्याने तुला ‘ए उस्ता, ए कारागिरा’ सोडून दुसरी हाक मारलीय?”

मितवल्लीने फोन परत घेतला आणि पुन्हा वाचायला लागला. जसा लाकडाचा तुकडा उजेडात धरून चीर शोधतो, तसा.

मी शलबीला साधा फोन लावला. बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा आवाज आजारी माणसासारखा.

“हज्जा, अल्लाची शपथ, तो मी नाही,” मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला. “माझं खातं परवा पळवलंय कुणीतरी. मलाही असाच संदेश आला होता, माझ्या मेहुण्याच्या नावाने. त्यांनी माझ्या फोनवर आलेले अंक मागितले, मी पाठवले. तेव्हापासून माझ्या नावाने सगळ्या गावाला लिहितायत.”

“परवा? मग दोन दिवस काय अंडी उबवत होतास? लोकांना सांगितलं का नाहीस?”

“लाज वाटली. बाजारात तोंड कसं दाखवू? शलबी फसला म्हणतील.”

“शलबी, तुझी लाज झाकायला तू माझ्या भावाच्या अंगावरचे कपडे काढलेस. आत्ता उठ, कॅफेत जा, टेबलावर उभा राहा आणि सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला ठाऊक आहे.”

त्याला ठाऊक होतं. तासाभरात त्याने सांगितलं, हे मला नंतर कळलं. टेबलावर मात्र चढला नाही.

फोन ठेवून मी मितवल्लीकडे वळले. त्याचा चेहरा लाकडाच्या भुशासारखा झाला होता.

“काय काय पाठवलंस?”

“ओळखपत्राचा फोटो. पुढून, मागून.”

“अजून?”

“माझ्या तोंडाचा फोटो. ओळखपत्र हातात धरून. त्यांनी तसंच सांगितलं होतं. काल रात्री पाठवला.”

“आणि ते अंक? शलबीकडून मागितले तसे?”

“अंक आलेत मला. संदेशात आलेत. पण आधी आईचं नाव पाठव म्हणाले, मग अंक. मी तिथेच थांबलो. तो सारखा लिहीत होता, लवकर कर, जागा संपतायत. पण आईचं नाव असं कसं पाठवायचं, परक्या माणसाला? तुला विचारल्याशिवाय?”

या गल्लीत मला सगळे उम्म फिक्री म्हणतात, फिक्रीची आई, नाहीतर हज्जा, वय झालेल्या बाईला म्हणतात तसं. भाऊही उम्म फिक्रीच म्हणतो. माझ्या नातवंडांना माझं नाव नीट माहीत नसेल. तुम्हालाही मी ते सांगणार नाही. शहरातली पोरं या गोष्टीला हसतात. नावात काय लपवायचं, म्हणतात. हसू देत. ज्या माणसाने आपला चेहरा दिला, जन्मतारीख दिली, घराचा पत्ता दिला, तो आईच्या नावापाशी येऊन अडला.

“तुला कशाला हवी होती रे ती नाणी?” मी विचारलं. विचारायला नको होतं. मला उत्तर माहीत होतं.

“लिबियात एक माणूस आहे,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “किनाऱ्यावरच्या तुरुंगांत जाऊन नावं शोधून देतो. फुकट नाही देत.”

वगदी, त्याचा एकुलता एक. मागच्या हिवाळ्यात लिबियाला गेला, तिथून बोटीने इटलीला जाणार होता. निघण्याआधी फोनवर बोलला. म्हणाला, ‘बाबा, तुमचा नंबर बदलू नका. माझा फोन गेला तर मला पाठ असलेला हा एकच नंबर आहे.’ मग बोट निघाली की नाही, पोचली की नाही, काही कळलं नाही. तेव्हापासून मितवल्ली फोन उशाशी घेऊन झोपतो. कोरताना खिशात ठेवत नाही, समोर ठेवतो, यंत्राच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून.

आणि आता त्या नंबरावर कुणीतरी हात टाकला होता.

“ऊठ,” मी म्हणाले.

“कुठे?”

“फोनवाल्यांकडे. शलबीचं खातं गेलं तर बाजार हसेल. तुझा नंबर गेला तर पोरगा कुणाला फोन करेल? त्या चोराला?”

तो उठला. चपला उलट्या घातल्या, मी सांगितल्यावर सरळ केल्या.

फोन कंपनीचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. आत गर्दी होती, सगळे पुरुष, घामेजलेले, प्रत्येकाच्या हातात आपापलं गाऱ्हाणं. मी रांगेत उभी राहत नाही. माझे गुडघे रांगेचे नाहीत, असं सांगितलं की लोक वाट देतात. ज्यांनी दिली नाही त्यांच्या पायांवर माझी पिशवी पडली.

काउंटरवर एक पोरगी होती. छातीवर नाव लावलेलं, रदवा. डोळे थकलेले, पण ऐकून घेणारे. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये तोंड घातलं नाही, हे मला आवडलं.

“अंक पाठवले नाहीत ना, उस्ता?” तिने मितवल्लीला विचारलं.

“नाही.”

“कुणालाही पाठवायचे नसतात. मी मागितले तरी नाही. आमची कंपनी मागत नाही, बँक मागत नाही, आणि फुकट देणारा तर कुणी जन्मालाच आलेला नाही.” तिने त्याचं ओळखपत्र घेतलं, संगणकावर काहीतरी बघितलं आणि तिची भुवई वर गेली. “आज सकाळी तुम्ही आम्हाला फोन केला होता?”

“मी? नाही.”

“कुणीतरी केला होता, तुमच्या नावाने. सिम हरवलंय, नवीन द्या म्हणून. तुमचा राष्ट्रीय क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, सगळं बरोबर सांगितलं.” ती वाचत होती. “मग आमच्या माणसाने आईचं नाव विचारलं, तेव्हा म्हणाला, थोड्या वेळाने परत करतो.”

मितवल्लीने काउंटर धरला.

“आता मी या नंबरला कुलूप लावते,” रदवा म्हणाली. “तुम्ही स्वतः इथे आल्याशिवाय दुसरं सिम कुणालाही मिळणार नाही. पण आधी खात्री करावी लागते, उस्ता. तो आणि तुम्ही, दोघांकडे सगळं सारखंच आहे. फक्त एक सोडून.” तिने आवाज खाली आणला. “आईचं पूर्ण नाव सांगा.”

मितवल्लीने मान वळवली. मागे रांग होती. एवढ्या पुरुषांचे कान.

“मी सांगते तुझ्या कानात,” मी म्हणाले.

“तुम्ही नाही, हज्जा. नंबर त्यांचा आहे. त्यांनीच सांगायला हवं.”

“लिहून देतो,” मितवल्ली म्हणाला.

तिने पेन बाजूला ठेवलं. “घेतलं असतं. पण कागद मागे राहतो, उस्ता. संध्याकाळी झाडूवाला नेतो. पुढे तो कुणाच्या हातात जातो ते मलाही माहीत नाही. तुम्ही आत्ताच एकदा पोळलात.”

हुशार पोरगी. माझ्या फिक्रीचं लग्न झालं नसतं तर मी तिच्या घरचा पत्ता विचारला असता.

मितवल्ली माझ्याकडे वळला. तो आता ‘असू दे’ म्हणणार, हे मला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. चल, उद्या येऊ, गर्दी नसताना. आणि उद्यापर्यंत त्या चोराने कुठूनतरी ते नाव मिळवलं असतं. आमच्याकडे नावं लपवतात, पण जुन्या शेजारणी अजून जिवंत आहेत, आणि शेजारणींना गोड बोलणारा माणूस आवडतो.

मी रांगेकडे तोंड केलं.

“ऐका रे,” मी म्हणाले. “या माणसाला त्याच्या आईचं नाव सांगायचंय. तुमच्यापैकी ज्याला स्वतःच्या आईचं नाव इथे मोठ्यांदा सांगता येत असेल, त्याने खुशाल थांबावं. आधी त्याने सांगायचं. बाकीच्यांनी बाहेर.”

मग एक जाडा मोटारसायकलवाला, काखेत हेल्मेट धरलेला, म्हणाला, “हज्जाचं बरोबर आहे. चला रे.” आणि दाराकडे निघाला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. एकजण कानात बोंडं घालून गाणं ऐकत होता, त्याला बाकीच्यांनी बाहीला धरून नेलं. रखवालदार शेवटी बाहेर पडला आणि त्याने जाता जाता शटर अर्धं खाली ओढलं. फुटपाथवर फक्त पाय दिसत होते.

“हज्जा, झालं का?” बाहेरून कुणीतरी ओरडलं. “उन्हात भाजलो.”

“नऊ महिने पोटात थांबलास ना? अजून थोडा थांब.”

बाहेर हसले.

मितवल्लीने टोपी काढली. केसांत भुसा होता. त्याने काउंटरकडे बघत, अगदी हळू, ते नाव उच्चारलं, मग तिच्या वडिलांचं, मग आजोबांचं. त्याला सगळं येत होतं. आमचे वडील होते तेव्हा ते तिला त्या नावाने हाक मारायचे, तेही दार लावल्यावर, आणि आम्ही पोरं पलीकडे झोपल्याचं सोंग करून ऐकायचो. त्यानंतर मी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मितवल्लीचा आवाज किती वडिलांसारखा आहे, हे मला आजपर्यंत कळलं नव्हतं. कारण तो बोलतच नाही.

रदवाने नाव परत उच्चारलं नाही. नुसती मान हलवली आणि भराभर बोटं चालवली.

“लागलं कुलूप,” ती म्हणाली. “संदेशांच्या खात्यालाही एक गुप्त आकडा लावून देते. तो डोक्यात ठेवा, बाकी कुठे नाही. आणि इथून पोलिसांकडे जा, ओळखपत्राचा फोटो चोरीला गेलाय म्हणून नोंद करा. उद्या तुमच्या नावावर कुणी काही उचललं तर उपयोगी पडेल.”

“जातो,” मी म्हणाले.

“एकच राहिलं. पुन्हा कुणी असा प्रयत्न केला आणि तुम्ही सापडला नाहीत, तर कळवायला घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर द्या.”

मितवल्लीने न थांबता एक नंबर सांगितला. पाठ होता. रदवाने तो लिहिला, मग खात्रीसाठी समोरच्या फोनवरून लावला. रिसीव्हर कानाला धरून थोडा वेळ ऐकलं, आणि खाली ठेवला.

“उस्ता, हा बंद आहे.”

“हो,” मितवल्ली म्हणाला. “मुलाचा आहे.”

“चालू असलेला नंबर लागतो, उस्ता. बंद घेत नाही आम्ही.” तिने माझ्याकडे पाहिलं.

बाजारात माझ्या जिभेला भितात. ती जीभ मी दातांखाली धरली, आणि मग सोडली.

“लिही, पोरी,” मी म्हणाले. “आणि त्याच्याखाली माझा लिही. माझा चालू असतो.”

तिने दोन्ही लिहिले. बाहेरच्यांना दम निघेना, शटर करकरत वर गेलं, ऊन आत आलं आणि माणसं पुन्हा आपापल्या जागी येऊन उभी राहिली, मघापेक्षा जरा अदबीने.

“काही झालं तर आधी कुठला लावू?” रदवाने विचारलं.

“वरचा,” मितवल्ली म्हणाला.