गाडी विकून धंतोलीत

नागसेनने गाडी विकली, ही बातमी कौसल्याबाईंना सावनेरात शेजारणीकडून कळली आणि त्यांचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी एसटीने त्या नागपुरात थडकल्या.

धंतोलीतलं पोराचं आणि सून दीप्तीचं नवं घर दोन खोल्यांचं. शहराच्या टोकाला बेसाकडचा आधीचा फ्लॅट याच्या दुप्पट होता.

"काहून विकली गा गाडी? असं काय अडलं होतं?"

"अडलं काही नव्हतं, आई. तिकडून माझं ऑफिस अन् दीप्तीची लॅब, रोजचे दोन तास रस्त्यातच जात. इथून दोघंही पायी जातो. हप्ता अन् पेट्रोल वाचलं, त्यातच इथलं भाडं निघून राहिलं."

"लोकं म्हणतील, पोराचं दिवाळं निघालं!" म्हणत त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

सकाळी राग उतरला नव्हताच. कोणाला न सांगता त्या चपला घालून खाली उतरल्या आणि फाटकाशीच थबकल्या. बेसाला त्या कधी एकट्या बाहेर पडल्या नव्हत्या. भाजी घ्यायलाही रविवारची वाट पाहावी लागे. इथं मात्र समोरच चहाची टपरी, पलीकडे भाजीची गाडी. मेथीची जुडी घेऊन त्या वळतात तोच हातात फाइल घेतलेली एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बाई, डोळ्याचा दवाखाना कुठं आहे वं? पोरगा औषध आणाले गेला, मी चुकली."

बोली ओळखीची निघाली. सुभद्राबाई सावनेरजवळच्याच खेड्यातल्या; एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आता दुसऱ्यासाठी आल्या होत्या. कौसल्याबाईंनाही दवाखाना ठाऊक नव्हता, पण तसं न सांगता त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलं आणि सुभद्राबाईंचा हात धरून चालू लागल्या. दवाखान्याच्या दाराशीच त्यांचा पोरगा शोधत उभा होता. त्याला दोन शब्द सुनावून कौसल्याबाई तिथंच सुभद्राबाईंशी गप्पा मारत बसल्या.

तासाभराने नागसेन धापा टाकत आला. "आई, फोन घरीच ठेवून कुठं गेली होतीस? अख्खी धंतोली पालथी घातली!"

"ओरडू नको. दीप्तीले सांग, आज दोन पाहुणे जेवाले आहेत. मेथी मी घेतली."

दोन दिवसांसाठी आलेल्या कौसल्याबाई सुभद्राबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर राहिल्या. निघताना सुनेला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोठं घर पाहू नका वं आता. मले इथंच जमते."