नैवेद्याआधी

देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंडात काही घालत नाही. ही रीत माझी नव्हे, सासूबाईंची. लग्न होऊन टेमघरला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, ती मला सांगितली. लेक भाविका पोटात असताना मी एकदा देवासमोरच चक्कर येऊन पडले, तर म्हणाल्या, "तोंडावर पानी मार आन ऊठ. आरती ऱ्हायलीय." पुढे ती रीत माझ्याच अंगात मुरली. रोजचा अध्याय, आणि पूजा होईपर्यंत मौन.

मागच्या सोमवारी माझं वाचन लांबलं. सासूबाईंनी सातला साखरेच्या आजाराची गोळी घेतली आणि नेहमीसारख्या नैवेद्याची वाट बघत बसल्या. साडेनऊला घामाने भिजून खुर्चीतून खाली कोसळल्या.

चार दिवस दवाखान्यात काढून काल त्या घरी आल्या. मागोमाग खारबावहून नणंद हौसाताई पिशवी घेऊन हजर.

"तुझं अध्याय सरनात, आन हितं माझी आय सरत आलीवती!" त्या उंबऱ्यातूनच सुरू झाल्या. "एवढा देव पायजे तं डोंगरावं जाऊन बस ना, वहिनी."

"तिला सांगून काय फायदा?" आमचे हे म्हणाले. "सकाळी तोंडाला कुलूप असतं तिच्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. 'रीत माझी हाय,' एवढं एक वाक्य त्यांनी बोलावं. त्या भिंतीकडे वळल्या. "मी हाक मारलीवती हिला," म्हणाल्या.

ते खरं होतं. हाक मी ऐकली होती. पोथीवरून नजर उचलली नव्हती.

आज सकाळी सातला हौसाताईंनी त्यांना गोळी दिली आणि पेजेची वाटी पुढे धरली.

"देवाआधी न्हाय," सासूबाईंनी ओठ मिटले.

"आय, डाक्टर काय बोल्ला? गोळी घेतली का लगेच खायाचं."

"डाक्टर माझा देव हाय का?"

"बघ, बघ!" हौसाताई माझ्यावर ओरडल्या. "ही तुझी शिकवन!"

पेज त्यांनी पारोशानेच केली होती, देवाला चालणार नव्हती. नवा भात शिजायला अर्धा तास तरी हवा होता. मी देवघरात पोथी उघडून बसले होते. सासूबाईंच्या कपाळावर घाम दिसला. पदर धरलेला हात कापायला लागला.

मी अध्याय अर्ध्यात सोडला. उठले, पातेल्यातली पेज तळहातावर घेतली आणि सगळ्यांदेखत प्याले. चव कळली नाही. घशाखाली उतरताना डोळ्यांत पाणी आलं.

"आई, देवाआधी मी खाल्लं," मी म्हटलं. "रीत मोडली ती मी. पाप माझ्या माथ्यावर. तुम्ही आता मागनं खाताय, तुम्हाला काही लागत नाही."

मी वाटी घेतली, चमचा त्यांच्या ओठांना लावला. तोंड उघडलं. एक चमचा, दोन, तीन.

चौथ्याला त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून थंड होता. "आजपासनं देवघरात पाय ठेवायचा न्हाय. बाटवलास माझा देव."

"बराबर हाय, आय," हौसाताई लगेच म्हणाल्या. "दिवाबत्ती मी करीन."

यांनी शर्टाची बटणं लावली आणि हे ड्युटीवर निघून गेले.

"बरं," मी म्हटलं. "पण वाटी संपवा."

देवघरात पोथी उघडीच होती. ती मिटायलाही मला आता आत जाता येणार नव्हतं. मी चमचा भरला.