आबांच्या मनगटाजोगं इंजिन

मी एक लाकूड कापायचा कटर बोलतोय. दचकू नका, माझी दोरी कुणी ओढलेली नाही. एरवी मी तोंड उघडलं की पलीकडच्या उसातले बगळे उडतात. आत्ता मात्र मी सावलीत गोणपाटावर बसलोय आणि सोजरबाई जुन्या लुगड्याच्या चिंधीनं माझ्या अंगावरचा भुसा पुसतायत. असं कुणी मायेनं पुसायला लागलं की बोलावंसं वाटतं.

माझं खानदान विचारू नका. दुकानातल्या कटरांच्या अंगावर कंपनीचं नाव असतं. मी खोक्यातून आलो, तोही सुटा सुटा. सिलिंडर एका पिशवीत, पिस्टन दुसऱ्या पिशवीत आणि स्क्रू चिवड्यासारखे एकत्र. मूळ कंपनीचा नव्हे, तिच्या मापावर दुसऱ्या कुणीतरी केलेला माल. कोरेगाव भीमाच्या एका भाड्याच्या खोलीत, पलंगावर वर्तमानपत्र पसरून, महेंद्र आणि सीमा या नवराबायकोनं ही आवळ्याची मोट बांधली. तोच माझा जन्म.

महेंद्र सणसवाडीच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर असतो. त्याचे वडील कोंडिबा, म्हणजे आमचे आबा, आई सोजरबाईंसोबत इकडे कासुर्डीत राहतात आणि झाडं तोडायची कामं करतात. बांधावरची बाभळ असो, वादळात कललेली निलगिरी असो, लोक आबांनाच बोलावतात. झाड कुणीकडं पडणार ते आबा आधी सांगतात आणि झाड तिकडंच पडतं. पण साठी उलटली, कुऱ्हाड उचलताना खांदा कटकट वाजायला लागला. महेंद्र म्हणायचा, आता पुरे, आमच्याकडं येऊन राहा.

"तिथं यून काय करू? ग्यालरीत बसून गाड्या बघू?" आबा म्हणायचे. "हात चालतोय तवर चालू दे."

आबा काम सोडत नाहीत, तर काम तरी हलकं करावं, म्हणून महेंद्रनं मला मागवलं. मी आलो तो आबांच्या हातासाठी. ही गोष्ट पुढं बराच काळ आम्ही दोघंही विसरलो, महेंद्रही आणि मीही.

जोडणी करताना सीमा मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत सांगायची, "थांबा, आधी ती क्लिप बसवा." शेवटी दोन स्क्रू उरले. ते कुठले, हे आजही कुणाला माहीत नाही; मलाही नाही. खोलीमागच्या मोकळ्या जागेत मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा शेजारच्या खोलीतला बिहारी कामगार टॉवेलावरच बाहेर आला. "भैया, ट्रॅक्टर लिया क्या?" त्यानं विचारलं. माझी छाती फुगली.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण दिवसभर मायक्रॉनच्या मापात काम करणाऱ्या माणसाचे हात घरी गप्प बसत नाहीत. महेंद्रनं माझ्या सायलेन्सरला जादा भोकं पाडली, म्हणजे धूर मोकळा जाईल. सिलिंडरखालचं पॅकिंग काढलं, म्हणजे आतला दाब वाढेल. सिलिंडरच्या डोक्यावर एक बारीक भोक होतं. दोरी ओढताना थोडा दाब सोडणारं बटण तिथं बसतं. महेंद्रनं त्यात बोल्ट ठोकला. दाब वाया का घालवायचा?

"आबांना विचारलंत का, त्यांना केवढी ताकद पाहिजे ते?" सीमानं विचारलं.

"ताकद कुणाला नको असते?" महेंद्र म्हणाला. मला तर ते शंभर टक्के पटलं.

सुट्टीच्या दिवशी मला कासुर्डीला आणलं. आबांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, लहान मूल घ्यावं तसं. महेंद्रनं दोरी ओढली आणि बाभळीचा ओंडका मी मुळ्यासारखा कापला. शेजारीपाजारी जमले. आबा म्हणाले, "लई भारी!" महेंद्र खुशीत परत गेला.

दुसऱ्या दिवशी दोरी आबांनी ओढली. माझ्या पोटात एवढा दाब की दोरीनं त्यांचा हातच माघारी खेचला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मी सुरू झालो खरा, पण माझा सगळा थरथराट त्यांच्या बोटांत जात होता. संध्याकाळी त्यांची बोटं पांढरी पडली, बधिर झाली. सदऱ्याचं बटण लागेना. सोजरबाईंनी ते लावून दिलं. आबांनी चार-आठ दिवस नेट लावला, मग मला शेळ्यांच्या गोठ्यातल्या माळ्यावर ठेवलं आणि कुऱ्हाड खांद्यावर घेऊन गेले.

मग महेंद्रचा फोन आला. "जय भीम, आबा! कटर कसा चालतोय?"

"जय भीम! एक नंबर! लोण्यावानी कापतोय बघ," आबा म्हणाले.

मी माळ्यावर लेंड्यांचा वास घेत पडलेलो, आणि खाली माझी ही आरती. फोन ठेवल्यावर सोजरबाईंनी आधी माळ्याकडं आणि मग आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "अगं, पोरानं जीव लावून केलंय. न्हाई कसं म्हणू?"

महेंद्रला वाटलं, आबांना एवढा आवडलाय तर आणखी चांगला करू. पुढच्या खेपेला त्यानं फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाची, चावी घासून ठिणगी थोडी आधी पडेल असं केलं, म्हणजे जोर आणखी वाढेल. तो गेल्यावर आबांनी त्याच्या श्रमाची लाज राखायला म्हणून मला एकदा खाली काढलं. दोरी ओढली मात्र, मी असा उलटा झटका दिला की त्यांचं मनगट मुरगळलं. सोजरबाईंनी आंबेहळदीचा लेप घातला. फोनवर आबा म्हणाले, "बांधावर पाय घसरला. तुझा कटर झकास हाय." मी पुन्हा माळ्यावर गेलो. मला माणसांशी बोलता येत असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

अशात अंगणवाडीवरच्या चिंचेची एक जाडजूड फांदी वाळून पत्र्याकडं झुकली. गिताबाई अंगणवाडी चालवतात. त्या आबांकडं आल्या.

"आबा, पोरं खाली बसत्यात. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तुमीच काढा, तुमच्या हातानं पत्र्याला धक्का लागायचा न्हाई."

"काढतो की," आबा म्हणाले. गिताबाईंनी फांदी निघेपर्यंत मुलं विहारात बसवली. पण मुरगळलेल्या मनगटानं आबांना कुऱ्हाड उचलेना. दोनदा जाऊन फांदीकडं बघून आले. पारावर कुणीतरी म्हणालं, आबाचं आता वय झालं, बाहेरून माणूस बोलवा. ते आबांच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

नेमका तेव्हाच महेंद्र सुट्टीला आला, सोबत सीमा आणि माझी ताकद आणखी वाढवायचं सामान.

"आबा, कटर वर कशाला ठेवलाय?"

"शेळ्या चाटत्यात त्याला."

महेंद्रनं मला खाली घेतलं, उन्हात धरलं आणि बघतच राहिला. माझ्या सायलेन्सरच्या भोकांत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. चांगलं ऐसपैस, लिंपून गुळगुळीत केलेलं. अति तिथं माती म्हणतात, ती माझ्या तर नाकातच बसली होती. चालत्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये कुठली माशी घर बांधणार?

"आई, हा कधीपासून बंद आहे?" महेंद्रनं हळूच विचारलं.

"मला काय इचारतूस? बापाला इचार की," सोजरबाई म्हणाल्या. "त्यांना इचारायचं तेवढं ऱ्हायलंय."

सीमानं ताकद वाढवायच्या सामानाची पिशवी बाजूला सारली.

महेंद्रनं माती काढली, मला अंगणात ठेवलं आणि आबांना म्हणाला, "ओढा बरं दोरी." आबांनी मुठीत दोरी धरली, जरा ओढली आणि त्यांचा चेहरा आवळला. महेंद्रनं त्यांच्या हातावर हात ठेवला. लेपाचा पिवळा डाग अजून मनगटावर होता.

"आबा, खरं सांगा."

"तुझ्या हाताला बरा हाय रं ह्यो. माझ्या हाताला न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारायचास, कटर कसा हाय. कटर भारीच हाय की. माझा हात कसा हाय, ते कवा इचारलंस?"

महेंद्रचे डोळे भरले. तो खाली बसला आणि तिथंच, अंगणात, त्यानं मला उघडलं.

त्यानंतरचं काम मी कधी विसरणार नाही. पॅकिंग परत बसलं. घासलेली चावी गेली, नवी आली. गावातल्या भारत वेल्डरनं सायलेन्सरची जादा भोकं बुजवली. हँडलच्या कडक रबरांच्या जागी थरथर झेलणाऱ्या स्प्रिंगा लागल्या. बोल्ट निघाला आणि तिथं ते छोटंसं बटण आलं. सामान मागवत, सुट्ट्या जुळवत हे सगळं चाललं. प्रत्येक बदल झाला की आबा बऱ्या हातानं दोरी ओढून सांगायचे, "अजून जड हाय" किंवा "आता येतंय." कारखान्यातली सगळी मापं महेंद्रनं बाजूला ठेवली आणि आबांच्या मनगटाचं माप धरलं.

खोटं कशाला बोलू, ताकद उतरताना मला वाईट वाटलं. गर्जना गेली, गुरगुर राहिली. पण ज्या दिवशी आबांनी बटण दाबून एका ओढीत मला सुरू केलं आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं, त्या दिवशी मला कळलं की मी आत्ता जन्मलोय.

मनगटाची सूज उतरली तशी आबांनी चिंचेचा दिवस ठरवला. महेंद्रची त्या दिवशी ड्युटी होती. फांदीला दोर बांधून चार जण लांब उभे राहिले. आबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. डोक्याला हेल्मेट आणि कानांवर सीमानं पाठवलेली झाकणं. त्यांनी आधी बोट दाखवलं, "हितं पडंल." मग बटण दाबलं आणि दोरी ओढली. मी बेतानं, कुरकुर न करता, कापत गेलो. त्यांचे हात माझ्यावर सैल होते, घाबरलेले नव्हते. फांदी आबांनी दाखवलेल्या जागीच पडली. पत्र्यावर फक्त पाला उडाला. विहाराच्या दारातून मुलांनी एकच गिल्ला केला आणि गिताबाईंनी डोळ्याला पदर लावला.

आबांनी मला खाली ठेवलं आणि सदऱ्याचं सुटलेलं बटण स्वतःच लावलं. सोजरबाई ते लांबून बघत होत्या.

संध्याकाळी फोन वाजला. "आबा, कसा चालला?"

सोजरबाईंनी हातातलं काम थांबवलं. मीही श्वास रोखला.

"चालला," आबा म्हणाले. "पर चेन लवकर ढिली पडती. आन् ऑइलाचं झाकण गळतंय, माझं धोतार समदं त्येलकट झालंय. कसला माल आणलायस रं?"

पलीकडून महेंद्र एवढ्या आनंदानं ओरडला की मला गोणपाटावर ऐकू आलं, "सीमा, ए सीमा! इकडं ये! आबा कटरला नावं ठेवतायत!"

माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

मला जोडणाऱ्यांचे, उघडणाऱ्यांचे आणि उलगडून पुन्हा जोडणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्या कुंभारणीचे तर फार. मागणं एकच: आपल्या माणसासाठी काही कराल तेव्हा ती वस्तू कशी आहे एवढंच विचारू नका. हात कसा आहे, तेही विचारा.

सोजरबाईंचं पुसून झालं. झाकणाला नवं वायसर बसलंय, आबा चेन आवळतायत. उद्या ओढ्याकाठची बाभूळ आहे, आम्हा दोघांना बोलावलंय.