पायलचा डावा हात आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कापड कापायची कात्री आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको.

माझा जन्म मेरठचा. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पोलादातून मला घडवलं. कारागिराने उजवा हात डोळ्यांपुढे ठेवून माझी पाती जुळवली आणि मूठही उजव्याच अंगठ्याला बसेल अशी वळवली. मला कुणी विचारलं नाही. पुढे नागपूरला बर्डीच्या बाजारात सिंधूताईंनी मला पारखून घेतलं आणि नागपूरजवळच्या बेसा गावातल्या त्यांच्या घरी शिलाई मशीनशेजारची खुंटी माझी झाली.

काय दिवस होते ते! ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश, सगळं माझ्याच पात्यांखालून जायचं. सिंधूताई मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. "कात्री एकाच हाताची राह्यते," असं त्या ठणकावून सांगायच्या. कपडे न्यायला आलेल्या बायका मात्र म्हणायच्या, "ताईच्या हाताची कटिंग म्हणजे काय सांगू!" आता बघा, कटिंग माझी आणि नाव हाताचं. तेव्हापासूनच मी हातांवर जळायला लागले.

मग त्या घरात पायल मोठी होऊ लागली. पायल ही सिंधूताईंची नात. तिचं सगळं डाव्या हाताने चालायचं. त्या हाताने ती अंगणातल्या फरशीवर खडूने असे मोर काढायची की येणारी-जाणारी माणसं मोर तुडवला जाऊ नये म्हणून वळसा घालून जायची. मला त्या खडूचा फार राग यायचा. मेल्याला ना धार, ना पोलाद, तरी कुठल्याही हातात रमतो! तो इवलासा हात मला हवा होता.

एके दुपारी पायलने मला गुपचूप खुंटीवरून काढलं, तेही डाव्या हाताने. मला कोण आनंद झाला! पण डाव्या हाताचा दाब पडला की माझी पाती एकमेकांपासून फाकतात. कापड कापलं गेलंच नाही, मध्येच दुमडून चुरगळलं. तेवढ्यात सिंधूताई आल्या.

"पाह्यलं? डाव्यानं कात्री चालत नाही वं पोरी. तुया हातच उलटा हाय."

घडण माझी आणि ठपका पोरीच्या हातावर! मला बोलता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

सिंधूताई दुष्ट नव्हत्या हो. नातीवर त्यांचा जीव होता. पण आयुष्यभर त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि जो हात मला चालत नाही तो चुकीचाच, असं त्यांना मनापासून वाटलं. पायल शाळेतून आली की त्या तिचा डावा हात मऊ चिंधीने कमरेला बांधायच्या आणि उजव्यात मला द्यायच्या. "सवय लागंन," म्हणायच्या. त्या उजव्या हाताला माझं नुसतं ओझं व्हायचं. मला हवा होता तो हात शेजारीच बांधलेला असायचा. हळूहळू पायलने खडूही डबीत ठेवून दिला. फरशी कोरी राहू लागली.

एकदा समोरच्या पेरूच्या झाडावर एक वानरीण पिल्लू पोटाशी धरून बसली होती. सिंधूताईंनी शिळी पोळी टाकली, ती तिने डाव्या हाताने उचलली आणि डाव्याच हाताने खाल्ली.

"आजी, तिचा हात काहून नाही बांधत कोणी?" पायलने विचारलं.

"ते जनावर हाय वं," सिंधूताई म्हणाल्या, पण बराच वेळ झाडाकडे पाहत राहिल्या.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. विहारासाठी रंगीत पताका कापायला गल्लीतली पोरं सिंधूताईंच्या ओसरीवर जमली. सगळ्यांच्या हाती छोट्या कात्र्या होत्या. पायलपुढे मात्र खळीची वाटी ठेवली होती.

"मले पण कापाच्या हायेत, आजी."

"तू खळ लाव. कागद खराब होतीन."

पायल मान खाली घालून बांधल्या हातानिशी खळ लावत बसली. त्याच वेळी तिची आई माया कामावरून आली. तिने पिशवीतून पिवळ्या मुठीची एक नवी कोरी कात्री काढली. माझा तर तिळपापड झाला. सिंधूताईंनी ती उचलली आणि सवयीप्रमाणे उजव्या हाताने निळ्या कागदावर चालवून पाहिली. कागद दुमडला. त्यांनी पुन्हा चालवली. कागद पुन्हा चुरगळला. पोरं खुदकन हसली.

"खराब माल देला वं तुले, माया."

"खराब नाही हो आई. डावखुऱ्यायची कात्री हाय ते. तुमच्या हातात कशी चालंन?"

सिंधूताईंनी कात्री खाली ठेवली. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग पायलच्या कमरेकडे. "मंग माह्या पोरीचा हात..." एवढंच म्हणाल्या आणि चिंधी सोडायला वाकल्या. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तेव्हा त्यांनी मला खुंटीवरून ओढून काढलं आणि ती चिंधी कापली. पायलने मोकळ्या हाताने पिवळी कात्री उचलली. पहिली पताका सरळ निघाली आणि दुसऱ्या दिवशी फरशीवर मोरही आला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं कापड वेडंवाकडं कापलं गेलं, तर आधी कात्री तपासा, हात बांधू नका. लेकराचा हात ज्या बाजूने वळतो त्या बाजूने वळू द्या.

पिवळी आता पायलच्या दप्तरात मिरवते. मी खुंटीवरून बघते आणि अजूनही जळते. पण तो हात मोकळा केला तो मी, तिने नाही. आणि मित्रांनो, जळकी असले तरी एवढं मागते, की बांधलेला हात सोडवायचं ते काम पिवळीला कधीही करावं लागू नये.