चौथा गडी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस गेम खेळतो, हे दुकानात कोणाला सांगूनही पटलं नसतं. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न राहून गेलेलं, दिवसभर लोकांच्या नाकांची मापं काढायची आणि घरी येऊन भाजी चिरायची. अशा माणसाने संध्याकाळी कंट्रोलर हातात घेऊन राक्षस मारावेत, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण तो मारायचा. एकटा नाही, बहिणीबरोबर.

बहीण पंधरा वर्षांनी लहान. आईवडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि शाळेतून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. बोलायची नाही, रडायची नाही. त्याला पोरींशी काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून त्याने टीव्हीला जोडून गेम खेळायचा एक जुना कन्सोल आणला आणि एक कंट्रोलर तिच्या हातात कोंबला. तिसऱ्या दिवशी ती ओरडली, "दादा, मागे बघ!" तेव्हापासून घरात बोलणं सुरू झालं. गेममधल्या गोळ्या ती वापरायची नाही, खारीसारख्या नुसत्या साठवायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू.

कन्सोलवर दोघं खेळायला लागले की टीव्हीचा पडदा आडवा दुभागतो. वरचा अर्धा त्याचा, खालचा तिचा. बारा वर्षं हीच वाटणी. आपलं पाहता पाहता नजर जरा खाली टाकली की ती कुठे आहे, कोणाच्या तावडीत सापडली आहे, ते दिसायचं. विचारायची गरजच नसायची.

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथे तिने कॉम्प्युटर घेतला आणि फोनवर भांडण सुरू झालं.

"दादा, कन्सोल म्हणजे सोफ्यावर लोळणाऱ्यांचं काम. माउसने मान कशी झटकन वळते बघ एकदा. तुझ्या त्या कंट्रोलरने बैलगाडी वळवल्यासारखं वाटतं."

"बैलगाडी तर बैलगाडी. बटण दाबलं की सुरू होते. वाढलेलं ताट आहे ते. तुझ्या कॉम्प्युटरला आधी चूल मांडा, मग लाकडं फोडा, मग अपडेट करा."

"चित्र किती स्वच्छ दिसतं माहितीये? गवताची पाती मोजता येतात."

"गवत मोजायला बसलीस तर लढणार कधी?"

दोघं हसायची. पण भांडण संपलं की फोनही संपायचा. जेवलास का, जेवलो. तू? मीही. तीन मिनिटांत सगळं आटपायचं. गेमशिवाय आपल्याला बोलताच येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. ती आता जो गेम खेळायची, त्यात कन्सोलवाल्यांना कॉम्प्युटरवाल्यांत शिरताच येत नव्हतं. म्हणून त्याने कॉम्प्युटर घेतला. कुठला घ्यायचा यावर तिने तीन आठवडे त्याचं डोकं खाल्लं. ते तीन आठवडे फार छान गेले.

दर रविवारी पाच वाजता चौघांचा संघ. ती, तिच्या ऑफिसातला एकजण, एक दातांची डॉक्टरीण आणि हा. कानाला हेडफोन, डावा हात अक्षरांवर, उजवा माउसवर. आणि पहिल्याच रविवारी तो सात वेळा मेला.

बोटं जड होती, हे खरं. पण बोटं शिकतात. खोड वेगळीच होती. तो दर थोड्या वेळाने पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाकडे बघायचा. तिथे खारू नसायची, त्याचेच बूट आणि जमीन असायची, आणि तेवढ्यात समोरून गोळी यायची. दुकानात तो हे रोज बघत होता. वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेल्या दुहेरी काचेच्या चष्म्याची सवय लागलेल्यांना साधा चष्मा दिला, तरी ते वाचायला मान वर करून खालूनच बघतात. लोकांना तो म्हणायचा, आठ दिवसांत जाईल सवय. त्याची स्वतःची काही जाईना.

"खारू, कुठेयस?" तो विचारायचा.

"पुलाजवळ. दादा, नकाशा आहे ना कोपऱ्यात."

नकाशात ती होती, नाही असं नाही. निळा बाण होता. पण बाणाकडे बघून ती घाबरली आहे की हसते आहे, ते कसं कळणार?

तिसऱ्या रविवारी तिने त्याला काम दिलं. "दादा, तू हे मागचं दार राख. इथून कोणी आलं तर आपण संपलो." तो खूश झाला. बंदूक रोखून दारापाशी उभा राहिला. लढाई लांब कुठेतरी चालायची, कानात तिघांचा आरडाओरडा, आणि तिचं ते "मागे बघ!" आता दुसऱ्या कोणासाठी तरी असायचं. चार रविवार त्याने दार राखलं. एकही माणूस आला नाही, आणि आपल्या धाकानेच येत नाहीत, असंही त्याला एकदोनदा वाटून गेलं.

त्यापुढच्या रविवारी बहीण पाणी प्यायला उठली तेव्हा डॉक्टरीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या, "दादा, तुम्ही निवांत बसा हो. ते दार बाहेरून उघडतच नाही."

"असं होय?" तो म्हणाला.

"हो ना! आमचा आधीचा चौथा गडी बिचारा रविवारी नुसता बघत बसतो, पण तो काही बोलत नाही. तुमच्या बहिणीचा जीव आहे तुमच्यावर."

बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. बहीण परत आली, म्हणाली, "दादा, दार?" आणि तो म्हणाला, "आहे की मी."

पुढचा आठवडाभर काचा घासताना त्याने एकच वाक्य घोटलं. रविवारी पाचला दहा कमी असताना फोन लावला.

"खारू, कॉम्प्युटर बंद पडला गं. चालूच होत नाहीये."

ती क्षणभर थांबली. जिने कॉम्प्युटरच्या आतल्या एकेका भागासाठी तीन आठवडे हट्ट धरला होता, तिने काय झालं म्हणून विचारलं नाही. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, काही नाही.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश कर दुरुस्त. घाई नाही काही."

"हो. काय घाई आहे?"

"जेवलास का?"

"जेवलो."

फोन ठेवून तो टेबलापाशी आला. कॉम्प्युटर चालूच होता. सवयीने दुपारीच लावला होता आणि गेम आपोआप उघडला होता. यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ती आली होती. बघता बघता संघात चौथं नाव चढलं, आणि खेळ सुरू झाला. चला, बरं झालं, त्या बिचाऱ्याला खेळायला मिळालं, असं त्याने मनाशी म्हटलंसुद्धा.

मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि त्याच्यापुढेही तसाच हिरवा ठिपका. आपल्याला तिचा दिसतो, तर तिलाही आपला दिसत असणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फोनवर बोलत होती तेव्हाही तो ठिपका तिच्या समोर होता. ती क्षणभर थांबली होती, ती त्यामुळेच.

आता खेळताना मधूनच तिचं लक्ष तिकडे जाईल आणि तिला उगाच चुटपुट लागेल. त्याने घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला.